प्लग-इन हायब्रिडचे ‘ॲव्हरेज’ : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

मोटार विकत घेताना आपल्याकडचा ग्राहक रंग, आसने, संगीतयंत्रणा असे सारे पाहून झाल्यावर एक प्रश्न हमखास विचारतो : ‘ॲव्हरेज किती देते?’ एक लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर धावते, या हिशेबासाठी मराठीत रूढ झालेला हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. पण सरासरी कशाची, कोणत्या रस्त्यावरची, कोणत्या चालकाची, हे विचारण्याची गरज सहसा भासत नाही. कारण साध्या पेट्रोल गाडीत कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत फरक पडला, तरी तो दोन-चार किलोमीटरचा असतो. प्लग-इन हायब्रिड या प्रकारच्या मोटारींनी मात्र ही सोय संपवली आहे. या गाड्यांच्या बाबतीत कागदावर लिटरला साठ किलोमीटर आणि रस्त्यावर सतरा, असा अनुभव युरोपात सरासरीनेच नोंदला गेला आहे.

भारतात अशा गाड्या अद्याप मोजक्या आणि महाग आहेत. ‘बीएमडब्ल्यू’ची ‘आय-८’ २०१५ मध्ये, ‘व्होल्व्हो’ची ‘एक्ससी-९० टी-८’ २०१६ मध्ये आणि ‘बीएमडब्ल्यू’चीच ‘एक्सएम’ २०२२ मध्ये येथे आली. या तिन्ही गाड्यांची किंमत कोटीच्या पुढे होती. परंतु चीनमध्ये गेल्या काही वर्षांत सर्वसामान्यांच्या आवाक्यातील प्लग-इन हायब्रिड मोठ्या संख्येने विकल्या जाऊ लागल्या आहेत. त्या आपल्या बाजारात येण्यापूर्वीच त्यांचे खरे ॲव्हरेज आणि पर्यावरणावरील खरा परिणाम समजून घेणे शहाणपणाचे ठरेल. कारण प्रश्न केवळ ग्राहकाच्या खिशाचा नाही. ‘हरित’ म्हणून मिळणाऱ्या करसवलतींचा, म्हणजे सार्वजनिक पैशाचाही तो आहे.

हा हिशेब मुंबई-पुण्याच्या संदर्भात नेहमीच मांडला जातो. येथे तो वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात मांडला आहे, आणि त्याला कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात शहरे लहान आहेत. त्यामुळे शहरातील रोजची धाव तुटपुंजी असते. पण मोठे रुग्णालय, उच्च शिक्षण, विमानतळ यांसाठी अकोला, अमरावती, नागपूर गाठावे लागते. शिवाय नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागातून जातो. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली या भागातील कुटुंबेही सणासुदीला याच रस्त्याने गावी येतात. अगदी छोटी आणि अगदी लांब, अशा दोन्ही टोकांच्या धावा जेथे एकाच गाडीच्या वाट्याला येतात, तेथेच प्लग-इन हायब्रिडची खरी परीक्षा होते.

तीन प्रकारच्या गाड्या

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. आपल्या रस्त्यांवर आज ज्या हायब्रिड गाड्या दिसतात, उदाहरणार्थ ‘मारुती’ची ‘ग्रँड व्हिटारा’, ‘टोयोटा’ची ‘इनोव्हा हायक्रॉस’ किंवा ‘होंडा’ची ‘सिटी’, त्या ‘स्ट्राँग हायब्रिड’ प्रकारातील आहेत. त्यांच्यात इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. पण बॅटरी लहान असते. ती बाहेरून चार्ज करता येत नाही. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा साठवून ती पुन्हा वापरायची आणि इंजिनाला शक्यतो त्याच्या सर्वाधिक कार्यक्षम अवस्थेत चालवायचे, एवढेच तिचे काम. म्हणजे अशा गाडीची सगळी ऊर्जा अखेर पेट्रोलमधूनच येते.

दुसऱ्या टोकाला पूर्णपणे विजेवरची गाडी. तिच्यात इंजिन नाही आणि बॅटरी तीस ते साठ युनिटांची किंवा त्याहून मोठी. या दोहोंच्या मधोमध प्लग-इन हायब्रिड उभी आहे. तिची बॅटरी साधारण दहा ते वीस युनिटांची असते. घरच्या प्लगला लावून ती भरता येते आणि भरलेल्या बॅटरीवर गाडी चाळीस ते ऐंशी किलोमीटर धावते. बॅटरी संपली, की इंजिन सुरू होते. रोजचा प्रवास विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर, असा दुहेरी लाभ देणारी ही कल्पना ऐकायला अत्यंत आकर्षक आहे. मोठ्या बॅटरीचा खर्च नाही आणि वाटेत चार्जिंग केंद्र सापडेल की नाही, ही धास्तीही नाही.

कल्पनेत खोट नाही. मात्र तिच्यात एक अट दडलेली आहे. गाडी रोज, न चुकता, प्लगला लावली गेली पाहिजे.

कागदावरचा आकडा कसा तयार होतो?

इंधनक्षमतेची अधिकृत चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी प्रयोगशाळेत रुळांवर उभी करून ठरावीक वेगाच्या आलेखानुसार चालवली जाते. आपल्याकडे पुण्यातील ‘एआरएआय’ ही संस्था या कामासाठी सर्वपरिचित आहे. जाहिरातींत छापला जाणारा ‘एआरएआय प्रमाणित’ आकडा तो हाच. येथे वापरल्या जात आलेल्या भारतीय चाचणीचक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे आणि वातानुकूलन बंद असते. विदर्भातील मे महिन्यात एसी बंद ठेवून गाडी चालवणारा विरळाच. त्यामुळे प्रत्यक्षात ॲव्हरेज कमी मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि ग्राहक मनातल्या मनात तेवढी वजाबाकी करूनच घेतो.

प्लग-इन हायब्रिडच्या चाचणीत मात्र आणखी एक पायरी असते. गाडी आधी भरलेल्या बॅटरीवर चालवून पाहतात, नंतर रिकाम्या बॅटरीवर. पहिल्या चाचणीत पेट्रोल जवळजवळ लागत नाही, तर दुसऱ्या चाचणीत ती साध्या हायब्रिडसारखी वागते. आता या दोन आकड्यांचा मेळ कसा घालायचा? त्यासाठी एक गृहीतक करावे लागते : मालक एकूण प्रवासापैकी किती प्रवास विजेवर करील? या वाट्याला तांत्रिक परिभाषेत ‘उपयोग गुणांक’ म्हणता येईल. अंतिम आकडा गाडीच्या यंत्रापेक्षा या गृहीतकावरच अधिक अवलंबून असतो.

युरोपातील जुन्या पद्धतीत असे धरले जाई, की बॅटरी संपल्यावर गाडी सरासरी २५ किलोमीटर चालते आणि पुन्हा चार्ज केली जाते. म्हणजे विजेवर ५० किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा दोन-तृतीयांश प्रवास विजेवर झाला असे समजायचे. नंतर आलेली चाचणीपद्धत अधिक काटेकोर असली, तरी उपयोग गुणांकाच्या बाबतीत ती आणखी उदार होती. विजेवर ६० किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा साधारण ८० टक्के प्रवास विजेवर होतो, असे तिच्या सूत्रातून निघत असे. उरलेल्या २० टक्के प्रवासासाठी लागलेले पेट्रोल शंभर टक्के किलोमीटरांत वाटले, की लिटरला साठ-सत्तर किलोमीटरचा डोळे दिपवणारा आकडा तयार होतो. यात लबाडी नाही. गणित बरोबरच आहे. चुकते ते गृहीतक.

प्रत्यक्षात काय आढळले?

हे गृहीतक किती चुकले, हे आता अनुमानाने सांगावे लागत नाही. युरोपीय संघाने २०२१ पासून नव्या मोटारींत इंधनाची प्रत्यक्ष नोंद ठेवणारी यंत्रणा बंधनकारक केली. त्या नोंदींवर आधारलेला अहवाल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे सहा लाख वाहनांच्या या माहितीतून असे दिसले, की साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन कागदापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी जास्त आहे. प्लग-इन हायब्रिडचे मात्र साडेतीन पट निघाले. कागदावर प्रतिकिलोमीटर सुमारे ४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, तर रस्त्यावर सुमारे १३९ ग्रॅम. इंधनाच्या भाषेत सांगायचे, तर लिटरला साठच्या जवळपास असलेला आकडा सतरावर आला.

त्यापूर्वी ‘आयसीसीटी’ या स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्थेने आणि जर्मनीतील ‘फ्राउनहोफर’ संस्थेने केलेल्या अभ्यासांतूनही हेच दिसले होते. २०२२ च्या अभ्यासात खासगी मालकांचा जेमतेम ४५ ते ४९ टक्के प्रवास विजेवर होत असल्याचे आढळले. कंपनीकडून मिळालेल्या गाड्यांत तर हे प्रमाण ११ ते १५ टक्केच होते. याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. पेट्रोलचे बिल कंपनी भरते आणि घरच्या विजेचे बिल आपण भरतो. मग रात्री उठून गाडीला वायर कोण लावणार? करसवलतीसाठी घेतलेल्या अशा गाड्या परत आल्या तेव्हा काहींच्या चार्जिंग वायरी प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही काढलेल्या नव्हत्या, असे ब्रिटनमध्ये उघड झाले होते. तेथे २०१८ मध्ये प्लग-इन हायब्रिडचे अनुदान बंद झाले. जर्मनीने ते २०२२ च्या अखेरीस थांबवले.

युरोपीय संघाने मग सूत्रच बदलले. २०२५ पासून नव्या मॉडेलांना लागू झालेल्या नियमानुसार वरच्या ६० किलोमीटरच्या गाडीचा विजेवरील वाटा ८० ऐवजी साधारण ५० टक्के धरला जातो. त्यापुढच्या टप्प्यात तो सुमारे ३० टक्क्यांवर आणण्याचे नियमात ठरले आणि त्याला वाहन उद्योगाने विरोध केला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या बदलात गाडीचा एक स्क्रूही बदललेला नाही. तीच गाडी, तेच इंजिन, तीच बॅटरी; फक्त मालकाच्या सवयीविषयीचा अंदाज खरा केला आणि ‘ॲव्हरेज’ निम्म्याहून खाली आले.

वाशीमच्या रस्त्यावरचा हिशेब

आता हेच गणित आपल्या रस्त्यांवर मांडून पाहू. समजा, एक मध्यम-मोठी प्लग-इन हायब्रिड आहे. ती भरलेल्या बॅटरीवर ५० किलोमीटर जाते आणि बॅटरी संपल्यावर लिटरला १४ किलोमीटर देते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. मात्र ते या वर्गातील गाड्यांना शोभणारे आहेत.

ही गाडी वाशीम शहरातच फिरली, तर दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरच्या वर जाणार नाही. रात्री प्लगला लावली, की पेट्रोलचा खर्च शून्य. येथे ही गाडी जाहिरातीपेक्षाही सरस ठरेल.

आता अकोल्याला जाऊन-येऊन सुमारे १६० किलोमीटर धरू. घरून निघताना बॅटरी भरलेली असली, तर पहिले ५० किलोमीटर विजेवर आणि उरलेले ११० पेट्रोलवर होतील. लागणारे पेट्रोल सुमारे आठ लिटर. म्हणजे ॲव्हरेज लिटरला वीस किलोमीटर आणि वर दहा-अकरा युनिट वीज. अकोल्यात काम होईपर्यंत गाडी कोठे चार्ज करता आली, तर हेच ॲव्हरेज ३७ पर्यंत जाईल.

नागपूरला जाऊन-येऊन पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात. त्यातले पन्नास विजेवर गेले, तरी साडेचारशे पेट्रोलवरच करावे लागतील. ॲव्हरेज पंधरा-साडेपंधरा. आणि बॅटरी कधीच न भरणाऱ्या मालकाला मिळेल ते चौदा. म्हणजे एकाच गाडीचे ॲव्हरेज चौदा, वीस, सदतीस किंवा ‘पेट्रोलच लागले नाही’ असे काहीही असू शकते. यातला कोणता आकडा जाहिरातीत छापायचा?

हा हिशेबही काहीसा उदारच आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १२० च्या वेगाने जाताना तो सव्वादोन पट होतो. त्यामुळे शहरात ५० किलोमीटर पुरणारी बॅटरी महामार्गावर त्याआधीच संपते. शिवाय प्लग-इन हायब्रिडमधली विजेची मोटर पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाडीतील मोटरीइतकी ताकदवान नसते. चढावर किंवा वेगाने पुढे जाताना चालकाने जोर लावला, की बॅटरी भरलेली असूनही इंजिन मदतीला येते. आणि बॅटरी, मोटर, इंजिन, पेट्रोलची टाकी असा दोन्ही संसारांचा भार एकच गाडी वाहत असल्याने तिचे वजन साध्या गाडीपेक्षा दीड-दोनशे किलोंनी, कधी त्याहूनही अधिक असते. रिकामी बॅटरी घेऊन धावणारी प्लग-इन हायब्रिड म्हणजे तीन-चार जादा माणसे बसवून चालवलेली पेट्रोल गाडीच होय.

महामार्गावर जागोजागी होऊ लागलेली जलद चार्जिंग केंद्रेही येथे फारशी उपयोगी नाहीत, कारण बहुतेक प्लग-इन हायब्रिडमध्ये जलद चार्जिंगची सोय नसते. साध्या प्लगवर बॅटरी भरायला तीन-चार तास किंवा अधिक लागतात. तेव्हा चार्जिंगची मुख्य जागा घर हीच उरते. ज्यांच्या घरी हक्काची पार्किंगची जागा व तेथवर वीज आहे त्यांनाच हा लाभ. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहून रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणाऱ्याला तो नाही. याउलट वाशीम, रिसोड, मंगरूळपीर येथील अंगण असलेल्या घरांना तो अधिक सहज मिळू शकतो. मात्र वीजपुरवठा खंडित होण्याचे प्रकार तेथे अधिक, ही दुसरी बाजू.

वीज येते कोठून?

पेट्रोल वाचले म्हणजे पर्यावरण वाचले असे होत नाही. प्लगमधून येणारी वीज कशापासून तयार झाली, हे पाहावे लागते. वाशीमच्या शेजारी, अकोला जिल्ह्यात पारस येथे ‘महानिर्मिती’चे औष्णिक विद्युत केंद्र आहे. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच तेथे कोळशावर चालतात. अर्थात, ग्रिडमधील वीज सर्वत्र मिसळलेली असते. अमुक घरातली वीज पारसचीच, असे सांगता येत नाही. पण चित्र तेच आहे. देशातील स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाविना चालणारी झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले असले, तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या वर्षांतील आकडेवारीनुसार देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आपल्या उदाहरणातील गाडी एका युनिटमध्ये पाच किलोमीटर जाते असे धरू. चार्जिंगमध्ये दहा टक्के आणि वीज केंद्रापासून घरापर्यंतच्या वहनात पंधरा टक्के घट धरली, तर एका किलोमीटरसाठी केंद्रात सुमारे पाव युनिटाहून थोडी अधिक वीज तयार करावी लागते. त्याचा कार्बन सुमारे १८५ ग्रॅम. हीच गाडी पेट्रोलवर लिटरला चौदाच्या हिशेबाने धावली, तर धुराड्यातून १६५ ग्रॅमच्या आसपास निघतो. कारण एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यात तेल उपसणे, शुद्ध करणे, वाहून आणणे यांचा भार मिळवला, की तो दोनशेच्या घरात जातो. म्हणजे कोळशाच्या विजेवर ही जड गाडी चालवली काय आणि पेट्रोलवर चालवली काय, हवामानाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

याउलट, प्रत्यक्षात लिटरला वीस किलोमीटर देणारी साधी, हलकी स्ट्राँग हायब्रिड हाच सारा भार धरून १४० ग्रॅमच्या आसपास राहते. एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाणारी छोटी विजेवरची गाडी १३० च्या आसपास. बॅटरी तयार करताना होणारे उत्सर्जन यात मिळवावे लागते. पण पंधरा युनिटांच्या बॅटरीसाठी ते एक-दीड टनाच्या घरात असल्याने दीड लाख किलोमीटरांत विभागले, तर किलोमीटरमागे दहा ग्रॅमच्या आतच राहते. विजेवरच्या गाडीला ते मोठ्या बॅटरीमुळे तिप्पटही पडू शकते. एकंदरीत गाडीचे वजन आणि आकार यांचा प्रभाव तंत्रज्ञानाच्या नावापेक्षा मोठा ठरतो.

मात्र तीन गोष्टी न सांगितल्यास हा हिशेब एकांगी होईल. पहिली, विजेवर चालताना गाडी ज्या रस्त्यावरून जाते, तेथे धूर सोडत नाही. बाजारपेठेत, शाळेसमोर, चौकात थांबलेल्या गाड्यांचा धूर माणसाच्या नाकातोंडात थेट जातो. तो टळणे हा खरा लाभ आहे. तरीही तो भार औष्णिक केंद्रांच्या परिसरातील राख आणि धूर सोसणाऱ्या गावांकडे सरकतो, हे विसरू नये. दुसरी, पेट्रोल गाडी जुनी होईल तशी सुधारत नाही, पण वीज सुधारू शकते. आज घेतलेली गाडी पंधरा वर्षे चालली, तर तिच्या उत्तरार्धात मिळणारी वीज आजच्याहून स्वच्छ असण्याची शक्यता मोठी. तिसरी, विजेचा स्रोत काही प्रमाणात आपल्या हातात आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून छतावर तीन किलोवॉटची यंत्रणा बसवली, तर दिवसाला साधारण बारा युनिट वीज मिळते. एवढ्यात आपल्या उदाहरणातील गाडीची बॅटरी भरते. वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही. समृद्धी महामार्गालगत कारंजा येथेही सौर प्रकल्प उभा राहिला आहे. अशा विजेवर चाललेला किलोमीटर खऱ्या अर्थाने स्वच्छ. त्यासाठी गाडी रात्री नव्हे, तर दुपारी प्लगला लावावी लागेल.

खिशाचा हिशेब वेगळा

पैशांचा आणि कार्बनचा हिशेब एकच नसतो, हेही ओळखायला हवे. पेट्रोलच्या किमतीत कराचा वाटा मोठा आहे. त्याचा दर शंभर रुपये धरला, तरी लिटरला चौदा देणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे सात रुपयांहून अधिक पडतात. वीज बारा रुपये युनिट धरली, तरी किलोमीटरमागे पावणेतीन रुपयांच्या आसपास. त्यामुळे प्लगला लावणाऱ्या मालकाचे पैसे नक्की वाचतात. घरगुती विजेचा दर मात्र वापरानुसार टप्प्याटप्प्याने चढतो. रोज दहा युनिटांचे चार्जिंग म्हणजे महिन्याला तीनशे युनिट. तेवढ्यानेच घराचे बिल वरच्या टप्प्यात जाते, याचे भान ठेवलेले बरे. पैसे वाचले म्हणून पर्यावरण वाचलेच, असे मात्र मानता येणार नाही.

सवलत कोणाला?

खरा सार्वजनिक प्रश्न येथून पुढे सुरू होतो. विजेवरच्या गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे. मोठ्या हायब्रिड गाड्यांवर, त्यात प्लग-इनही आल्या, २०१७ पासून अधिभारासह ४३ टक्के कर होता आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात विजेवरच्या मोटारींना समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू येथे टोलमाफी देण्यात आली. हायब्रिडलाही असा आधार हवा, अशी उद्योगातील काहींची मागणी असते. प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत तिचा विचार युरोपचा अनुभव समोर ठेवूनच व्हायला हवा.

ग्राहकाच्या नजरेत न येणारी आणखी एक सवलत आहे. केंद्राच्या इंधनक्षमता नियमांनुसार प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांचे सरासरी उत्सर्जन ठरावीक मर्यादेत असावे लागते. ही सरासरी काढताना विजेवरची एक गाडी तीन गाड्यांइतकी, तर प्लग-इन हायब्रिड अडीच गाड्यांइतकी मोजण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजे कागदावर अत्यल्प उत्सर्जन दाखवणारी एक प्लग-इन गाडी विकली, की कंपनीला इंधन पिणाऱ्या जड गाड्या विकण्यास तेवढी जास्त मोकळीक मिळते. ती प्लग-इन गाडी मालकाने कधीच चार्ज केली नाही, तरीही. या नियमांच्या २०२७ पासूनच्या टप्प्यावर विचार सुरू झाला, तेव्हा अशा गुणांकांवरच उद्योगात सर्वाधिक ओढाताण झाली, हे स्वाभाविक होते.

यावर उपाय अवघड नाही. इंधनाची आणि चार्जिंगची प्रत्यक्ष नोंद गाडीतच होऊ शकते. युरोपने ते करून दाखवले. सवलत द्यायचीच असेल, तर ती गाडीच्या प्रकाराला न देता विजेवर प्रत्यक्ष चाललेल्या किलोमीटरांना द्यावी. आणि जाहिरातीत एकच मिश्र आकडा छापण्याऐवजी तीन आकडे बंधनकारक करावेत : भरलेल्या बॅटरीवर गाडी किती जाते, रिकाम्या बॅटरीवर लिटरला किती देते आणि एका युनिटमध्ये किती धावते. या तीन आकड्यांवरून वाशीमचा डॉक्टर, रिसोडचा व्यापारी आणि पुण्यातला अभियंता आपापले ॲव्हरेज स्वतःच काढू शकेल.

तोवर ग्राहकाने विक्रेत्याला जुनाच प्रश्न थोडा बदलून विचारावा : ‘बॅटरी संपल्यावर ॲव्हरेज किती?’ आणि त्याचबरोबर तीन प्रश्न स्वतःलाही. माझा रोजचा प्रवास बॅटरीच्या टप्प्यात बसतो का? घरी प्लगजवळ गाडी उभी राहते का? आणि ती रोज प्लगला लावण्याचा कंटाळा मी करणार नाही ना? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, छतावर सौर पॅनेल असेल आणि लांबचा प्रवास अधूनमधूनच असेल, तर प्लग-इन हायब्रिड ही उत्तम गाडी आहे. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर जादा लाखो रुपये मोजून आपण एक जड पेट्रोल गाडीच घरी आणत आहोत, हे समजून असावे.